कोनिका मिनोल्टा आणि ए-माउंट

कोनिका व मिनोल्टा या दोन जपानी कंपन्या ऑगस्ट २००३ मध्ये एक झाल्या. या संयुक्त कंपनीने मार्च २००६ अखेर कॅमेऱ्यांचा व्यवसाय बंद केला आणि डिजिटल एसएलआरशी संबंधित मालमत्तेचा काही भाग सोनीकडे सोपवला. सोनीने कोनिका मिनोल्टा विकत घेतली असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. ती कंपनी प्रिंटर, कॉपियर इत्यादी व्यवसायांत आजही आहे. सोनीकडे गेला तो मुख्यतः ए-माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडण्याची मिनोल्टाची पद्धत.

पूर्वपीठिका : कोनिकाची सुरुवात १८७३ मध्ये तोक्योतील एका औषधाच्या दुकानात छायाचित्रणाचे साहित्य विकण्यापासून झाली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, सी३५ एएफ, तिनेच १९७७ मध्ये आणला. मिनोल्टाची स्थापना काझुओ ताशिमा यांनी १९२८ मध्ये केली. महाराष्ट्रात कोनिकाचे नाव कॅमेऱ्यांपेक्षा रंगीत फिल्म आणि कलर लॅबमुळे अधिक परिचित होते.

लायट्झशी भागीदारी : लायकाची उत्पादक लायट्झ आणि मिनोल्टा यांच्यात १९७२ मध्ये करार झाला. त्यातून आलेल्या लायका सीएल (१९७३) या लहान कॅमेऱ्यावर लायकाचाच एम-माउंट होता. एसएलआरमध्ये मात्र वेगळेच घडले. लायका आर३ची बॉडी मिनोल्टा एक्सईवर आणि आर४ची एक्सडीवर आधारलेली होती. काही आर-लेन्सची रचनाही मिनोल्टाची होती. तरीही मिनोल्टाची लेन्स लायकाच्या आर बॉडीवर बसत नसे. सांगाडा दिला-घेतला, माउंट प्रत्येकाने आपापला राखला. कॅमेरा कंपन्यांच्या बहुतेक भागीदाऱ्यांची मर्यादा येथे दिसते.

माउंट व अंतर : लेन्स बॉडीत अडकवून थोडी फिरवली की खटका बसतो, ते धातूचे कडे म्हणजे माउंट. लेन्स बसेल की नाही हे कड्याच्या घडणीवर ठरते. दूरचे दृश्य स्पष्ट येईल की नाही हे मात्र कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतरावर ठरते. मिनोल्टाच्या १९५८ च्या एसआर-माउंटमध्ये हे अंतर ४३.५ मिमी. होते, कोनिकाच्या एआर-माउंटमध्ये सुमारे ४०.५ मिमी. मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याबरोबर १९८५ मध्ये आलेल्या ए-माउंटमध्ये ते ४४.५ मिमी. झाले. वाढ एकाच मिलिमीटरची, पण ती निर्णायक ठरली. जुनी एसआर लेन्स साध्या अडॅप्टरने नव्या बॉडीवर लावली तर ती सेन्सरपासून गरजेपेक्षा दूर राहते आणि अनंतावर फोकस होत नाही. मध्ये भिंग असलेला अडॅप्टर हे काम करतो, पण चित्राची स्पष्टता घटते. कोनिकाच्या लेन्सची अडचण तर चौपट. म्हणून विलीनीकरणानंतर एकाच कंपनीच्या नावाखाली परस्परांना न जुळणारी तीन लेन्सकुळे आली. कोनिकाचा एसएलआर तोवर केव्हाच बंद पडलेला असल्याने एआर-माउंटसाठी पुढे काहीही झाले नाही.

ए-माउंटमध्ये फोकसची मोटर बॉडीत असे. बॉडीच्या कड्यातून पेचकसाच्या टोकासारखा छोटा दांडा बाहेर येई, लेन्सच्या खाचेत बसे आणि आतील भिंगे पुढेमागे सरकवी. त्यामुळे लेन्स स्वस्त व सुटसुटीत राहिल्या. २००३ मध्ये लेन्सच्याच आत मोटर असलेल्या एसएसएम लेन्स आल्या. त्या जुन्या बॉडींवर बसत, पण त्यांचा ऑटोफोकस चालत नसे. मिनोल्टाच्या डायनॅक्स ९ या बॉडीसाठी कंपनीने बॉडीतील सर्किट बदलून देण्याची सोय केली होती.

हनीवेल दावा : ऑटोफोकसच्या पेटंटवरून अमेरिकी कंपनी हनीवेलने मिनोल्टावर दावा लावला. १९९२ मध्ये तो १२ कोटी ७५ लाख डॉलरवर मिटला. विलीनीकरणाची वेळ येण्यात याचा वाटा किती, याबद्दल एकमत नाही.

सोनीकडे हस्तांतरण : जुलै २००५ मध्ये कोनिका मिनोल्टा आणि सोनी यांनी डिजिटल एसएलआर एकत्र विकसित करण्याचे जाहीर केले. १९ जानेवारी २००६ रोजी कोनिका मिनोल्टाने कॅमेरा व्यवसायातून माघारीची घोषणा केली. सेन्सरच्या तंत्रावर चालणाऱ्या बाजारात वेळेवर स्पर्धाक्षम कॅमेरे देणे अवघड झाले, असे कारण कंपनीने दिले. त्याच वर्षी सोनीचा आल्फा १०० आला. सेन्सर हलवून कंप शोषण्याची मिनोल्टाची युक्ती त्याच्या बॉडीत होती आणि १९८५ च्या लेन्सही त्यावर ऑटोफोकससह चालत. वीस वर्षांच्या लेन्सना दुसऱ्या कंपनीने असे सामावून घेणे हे ग्राहकाशी राखलेले इमान होते आणि त्याचे श्रेय सोनीला द्यायला हवे.

तुलना : मालक बदलूनही माउंट टिकल्याचे दुसरे उदाहरण पेंटॅक्सचे. तिचा कॅमेरा व्यवसाय होयाकडे (२००८) व नंतर रिकोकडे (२०११) गेला, तरी तिचा १९७५ चा के-माउंट टिकला.

ई-माउंट व सद्यःस्थिती : सोनीने २०१० मध्ये आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी १८ मिमी. अंतराचा ई-माउंट आणला. ए-माउंटची शेवटची बॉडी, आल्फा ९९ मार्क २, ही २०१६ ची. आता नवी बॉडी निघत नाही. ई-माउंटवर अंतर इतके कमी आहे की एसआर, एआर आणि ए या तिन्ही कुळांच्या लेन्स साध्या, पोकळ अडॅप्टरने अनंतापर्यंत फोकस होतात. कागदोपत्री झालेल्या विलीनीकरणाने जे साधले नाही, ते या माउंटने साधले. एसआर आणि एआर लेन्सवर फोकस मात्र हातानेच करावा लागतो. दांड्यावर चालणाऱ्या ए-माउंट लेन्सच्या ऑटोफोकससाठी एलए-ईए४ (२०१३) किंवा एलए-ईए५ (२०२०) हे मोटर असलेले अडॅप्टर लागतात. एलए-ईए५ वर हा ऑटोफोकस सोनीच्या मोजक्याच बॉडींवर चालतो. त्यामुळे जुनी मिनोल्टा लेन्स घेण्याआधी आपली बॉडी त्या यादीत आहे का, हे तपासून घ्यावे.