हिऱ्याचे पाणी आणि नगीना घाट

विष्णुपुरीच्या धरणाने अडविलेली गोदावरी तेथून सुटली की थोड्याच अंतरावर नांदेड शहरास भिडते आणि नगीना घाटाच्या पायऱ्यांना स्पर्श करून पुढे जाते. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचे नांदेडास वास्तव्य असता एका धनिक भक्ताने अर्पण केलेले अमोल रत्न त्यांनी या पात्रात भिरकाविले, भक्त खट्टू झाला, आणि गुरूंच्या सांगण्यावरून त्याने डोकावून पाहिले तेव्हा तळाशी रत्नांच्या राशीच दिसल्या, अशी या घाटाच्या नावाची परंपरागत कथा आहे.

रत्नाच्या तेजाला मराठीत ‘पाणी’ म्हणतात. परंतु तो नगीना हिऱ्याचा असेल, तर नदीच्या पाण्यात त्याचे हे पाणी खासच उतरले असेल. घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला प्रकाशकिरण क्रांतिक कोनापेक्षा अधिक तिरका आला, तर त्यास बाहेर पडता येत नाही. तो संपूर्णपणे आत परततो. हिरा हवेत असता हा कोन सुमारे २४.४ अंशांचा, पाण्यात मात्र सुमारे ३३.५ अंशांचा असतो, आणि म्हणून हवेत ज्या पैलूंवरून प्रकाश परततो, त्यांतील कित्येकांतून तो पाण्यात निसटून जातो.

१६११ साली केप्लरने या पूर्ण आंतरिक परावर्तनाचे वर्णन ग्रंथबद्ध केले, तेव्हा दख्खनेत गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा अंमल होता आणि तिच्या हिऱ्यांची कीर्ती देशोदेशी पसरत होती. त्याच शतकात तेथील हिऱ्यांच्या खाणी पाहणाऱ्या ताव्हेर्निये या फ्रेंच जव्हेऱ्याने नमूद केले आहे की, निर्दोष खड्याचे वजन घटू नये म्हणून येथील कारागीर त्यास सहाणेवर जेमतेम फिरवीत, आणि डाग लपवावयाचा असेल तेव्हाच त्यावर पुष्कळ पैलू पाडीत. हिऱ्याचे मोल वजनावर ठरे, त्या व्यवहारात ही काटकसर स्वाभाविकच होती. परंतु तिच्यापायी कितीतरी तेज खड्याच्या तळातून निसटून जाई.

ज्या महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात नांदेडच्या हुजूरसाहेब गुरुद्वाऱ्याची वास्तू उभारविली, त्यांच्याच जामदारखान्यात तेव्हा कोहिनूर होता. पुढे तो इंग्रजांच्या हाती गेला आणि १८५२ साली लंडनमध्ये पुन्हा पैलू पाडताना सुमारे १८६ कॅरटांचा १०५.६ कॅरटांवर आला, कारण तेजासाठी वजनावर पाणी सोडण्याचा निर्णय तेथे झाला होता. हिऱ्याचे कोन कोणते असावेत, याचे गणित मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी १९१९ साली मांडले; आणि १९५४ साली नरिंदरसिंग कपानी या शीख शास्त्रज्ञाने हॉपकिन्स यांच्यासह, काचतंतूंच्या जुडग्यातून, याच परावर्तनाच्या बळावर, प्रतिमा पलीकडे पोहोचविल्याचे प्रसिद्ध केले.

विष्णुपुरीच्या परिसरात आज अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथे हा नियम शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा घाटावर जाऊन नदीकडे पाहावे. हिरा स्वतः उजेड निर्माण करीत नाही; आलेला उजेड गळू न देता देणाऱ्याकडे परतविणे एवढेच त्याचे कार्य, आणि त्या भक्ताने पात्रात गेलेल्या एका रत्नाची हळहळ केली, तेव्हा नदीने त्यास राशीच परत दाखविल्या.