सारंगियाचा मुलगा

श्रोतेहो, वडिलांचे नाव मोठे असले म्हणजे मुलाची वाट सोपी होते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. गायन-वादनाच्या क्षेत्रात तर हा समज अधिकच दृढ आहे. अमुक हा अमक्या खाँसाहेबांचा चिरंजीव, एवढे कानी पडले की आपण ऐकण्याआधीच मान डोलावू लागतो. परंतु वडिलांचे नाव आणि वडिलांची विद्या या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. नाव जन्माबरोबर अंगाला चिकटते. विद्या मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते. या दोहोंमधील अंतर स्पष्ट करणारे एक चरित्र आपल्या इंदूर शहरातच घडले. ते चरित्र उस्ताद अमीर खाँ यांचे.

अमीर खाँ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ चा. त्यांचे आजोबा चंगे खाँ हे दिल्लीच्या बहादूरशहा जफरच्या दरबारातील गायक होते, असे सांगितले जाते. वडील शहामीर खाँ हे सारंगी व बीन वाजवीत. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याशी त्यांचा शिष्यत्वाचा संबंध होता आणि होळकरांच्या दरबारात ते चाकरीस होते. त्या काळचे इंदूर कलावंतांना हात देणारे होते. नानासाहेब पानसे यांच्या पखवाजाची परंपरा याच शहरात रुजली होती. सारंगीच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते बुंदू खाँही अनेक वर्षे याच दरबाराशी निगडित होते. अशा गावात सारंगिया म्हणून नाव मिळविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. सबब, शहामीर खाँ यांना गुणीजनांत मान होता.

तथापि हा मान एका मर्यादेपर्यंतच होता. सारंगी हे मनुष्याच्या कंठाच्या सर्वांत जवळ जाणारे वाद्य. गवयाच्या कंठातील प्रत्येक वळण सारंगियाला तत्क्षणी उचलावे लागते. म्हणून राग-बंदिशींचे त्याचे ज्ञान पुष्कळदा गवयाच्या तोडीचे असे. पण बैठकीत त्याने बसावयाचे ते गवयाच्या बाजूला, किंचित मागे. शिवाय नाचगाण्याच्या कोठ्यांवरही सारंगी वाजत असल्याने समाजाने त्या वाद्याकडे आणि ते वाजविणाऱ्यांकडे वाकड्या नजरेने पाहिले. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ काय किंवा पुढे कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेले बडे गुलाम अली खाँ काय, दोघांचाही सारंगीशी निकटचा संबंध होता. तरीही 'सारंगियाचा मुलगा' हे शब्द गवयाच्या तोंडावर टोमण्यासारखे फेकले जात. अमीर खाँ यांना वडिलांकडून मिळालेले नाव हे असे होते.

याविषयी संगीतवर्तुळात एक आख्यायिका सांगतात. भेंडीबाजारचे छज्जू खाँ व नजीर खाँ हे बंधू आपल्या शिष्यांना 'मेरुखंड' शिकवीत असताना लहानगा अमीर तेथे जाऊन बसला. त्याला पाहताच उस्तादांनी समोरची वही मिटून ठेवली. सारंगियाच्या पोराने ही विद्या ऐकावयाची नाही, असा त्याचा अर्थ. शहामीर खाँ यांच्या मनाला ही गोष्ट लागली आणि आपल्या मुलाला मेरुखंड शिकवीनच, असा त्यांनी निश्चय केला. आख्यायिकेतील तपशील कालौघात वाढतात हे खरे. परंतु वडिलांनी मुलाला मेरुखंडाची तालीम दिली आणि तीच पुढे त्याच्या गायकीचा पाया ठरली, याविषयी दुमत नाही.

हे मेरुखंड म्हणजे काय? वर्गातील फळ्यावर समजावून सांगावा असाच हा विषय आहे. सा, रे, ग हे तीन स्वर घेतले, तर ते सहा निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात. चार स्वर घेतले तर चोवीस क्रम होतात, पाच घेतले तर एकशेवीस, सहा घेतले तर सातशेवीस आणि सातही स्वर घेतले तर ५०४०. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या तेराव्या शतकातील ग्रंथात या स्वरप्रस्ताराची मांडणी आहे. हा ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे सारे क्रम गळ्यात बसविणे म्हणजे वर्षानुवर्षांची रुक्ष मेहनत. त्यांतील कोणता क्रम कोणत्या रागात शोभेल आणि कोणता रागाचे रूप बिघडवील, हा विवेक तर त्याहून कठीण.

शहामीर खाँ यांनी मुलाला प्रथम सारंगीचे धडे दिले. पुढे त्याचा कल गायनाकडे आहे, हे ओळखून कंठाच्या तालमीवर भर दिला. नऊ वर्षांच्या वयात या मुलाची आई निवर्तली होती. मामा तबलजी असल्याने लयीचे शिक्षणही घरच्या घरीच झाले. त्यांच्या घरी गुणीजनांचा राबता असे. देवासचे रजब अली खाँ यांच्यासारख्यांचे गाणे जवळून ऐकण्याची संधी त्याला मिळाली. वडिलांनी मुलाला दिलेली ही दुसरी देणगी. स्वतःची विद्या त्यांनी मुलाच्या गळ्यात उतरविली आणि दुसऱ्यांच्या विद्येसाठी त्याचे कान उघडे ठेवले. घराण्याच्या अभिमानापोटी मुलांचे कान बंद करणारे वडील त्या काळी थोडे नव्हते.

१९३४ साली अमीर खाँ मुंबईस गेले. काही बैठकी झाल्या, काही ध्वनिमुद्रिकाही निघाल्या; परंतु त्यांना यश लाभले नाही. तेव्हा वडिलांच्याच सल्ल्याने त्यांनी रायगढचे राजे चक्रधरसिंह यांच्या पदरी नोकरी धरली. हे रायगढ आपल्या शिवछत्रपतींचे नव्हे. ते आजच्या छत्तीसगढ राज्यातील संस्थान. राजेसाहेबांनी त्यांना मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गाण्यास पाठविले. तेथे फैयाज खाँ, ओंकारनाथ ठाकूर अशी मातबर मंडळी हजर होती. अमीर खाँ यांची संथ, विचारमग्न गायकी श्रोत्यांना मानवली नाही. गलका झाला आणि थोड्याच वेळात त्यांना व्यासपीठावरून उठावे लागले. संयोजकांनी सुचविले की, निदान एखादी ठुमरी म्हणा, म्हणजे लोक शांत होतील. अमीर खाँ यांनी त्यास नकार दिला. आपला ओढा त्या गायनाकडे नाही, असे त्यांनी सांगितले.

श्रोतेहो, या नकाराचे मोल नीट जोखले पाहिजे. ठुमरी हा काही हलका गानप्रकार नव्हे. पण सारंगियाच्या मुलाने ठुमरी गावी आणि लोकांना रिझवावे, हीच तर समाजाची त्याच्याकडून अपेक्षा होती. ती पुरी केली असती तर त्या दिवसाची लाज राहिली असती. त्यांनी अपमान घेऊन परतणे पत्करले. पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण, पदरी यश नाही, आणि राजाच्या वतीने गावयास आलेला! रायगढची नोकरी सुमारे वर्षभरच टिकली. १९३७ साली वडीलही वारले. मुलाचा उत्कर्ष पाहण्याचे भाग्य शहामीर खाँ यांच्या वाट्याला आले नाही.

यापुढील वर्षांत दिल्ली, कलकत्ता, मुंबई अशी भटकंती करीत अमीर खाँ यांनी आपली गायकी घडविली. अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून त्यांनी अतिविलंबित लयीतील आलापीचे धैर्य घेतले. रजब अली खाँ यांची तान आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांची सरगम त्यांनी आत्मसात केली. हे अमान अली म्हणजे ज्यांनी वही मिटली, असे सांगतात, त्या छज्जू खाँ यांचेच पुत्र! याच अमान अलींकडे पुढे काही काळ लता मंगेशकर शिकल्या, आणि त्यांचाही जन्म १९२९ साली इंदुरातच झालेला. हे तीन निरनिराळे प्रवाह अमीर खाँ यांच्या कंठात एकत्र आले, तरी ते उसने वाटले नाहीत. याचे कारण मेरुखंडाचा पाया पक्का होता. झुमऱ्याच्या चौदा मात्रांच्या मंद ठेक्यावर ते एकेक स्वर मांडू लागले की, ५०४० क्रमांचे गणित कोठल्या कोठे लोपून जाई आणि उरे ते केवळ चिंतन.

१९५२ साली 'बैजू बावरा' हा चित्रपट आला. त्यात तानसेन आणि बैजू यांच्या स्पर्धेचा प्रसंग आहे. तानसेनासाठी अमीर खाँ गायले आणि बैजूसाठी द. वि. पलुस्कर. या जुगलबंदीकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पलुस्करांचे वडील पंडित विष्णू दिगंबर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करून गाण्याला प्रतिष्ठित घरांचे दरवाजे उघडून दिले. मुलगा दहा वर्षांचा असतानाच, १९३१ साली, ते गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या त्यांच्या शिष्यांनी दिली. एकाच्या पाठीशी देशभर पूजनीय झालेले नाव होते, तर दुसऱ्याच्या पाठीशी लोकांनी कमी लेखलेले. एकाला ते नाव पेलावयाचे होते. दुसऱ्याला ते उजळावयाचे होते. देसी रागातील त्या गाण्यात मात्र कोण कोणाचा मुलगा, हे विचारण्याची आठवणही ऐकणाऱ्याला होत नाही. पलुस्कर अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली निवर्तले, हे आपले दुर्दैव.

त्याच वर्षी शांताराम बापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'चे शीर्षकगीत अमीर खाँ यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. पण चित्रपटाच्या लोकप्रियतेसाठी त्यांनी मैफलीतील गाणे बदलले नाही. मारवा आणि दरबारी या रागांची त्यांची ध्वनिमुद्रिका आजही जाणकार जपून ठेवतात. तराण्यातील बोल निरर्थक नसून त्यांत फारसी अर्थ दडला आहे, असे ते मांडीत. १९६७ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आणि १९७१ साली पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात वारसा कोणाकडे गेला? धाकटे बंधू बशीर खाँ यांनी वडिलांची सारंगी सोडली नाही. आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर त्यांनी ती वाजविली. पुत्र शाहबाज खान अभिनयाकडे वळले. गायकी मात्र पंडित अमरनाथ, सिंगबंधू, कंकणा बॅनर्जी अशा शिष्यांच्या कंठात गेली. इंदूरचे गोकुलोत्सवजी महाराज यांच्या गाण्यातही तिचा ठसा उमटला. म्हणजे वडिलांकडून आलेली विद्या पुढच्या पिढीत रक्ताच्या नात्याबाहेर पडली आणि म्हणूनच ती टिकली.

बायबलात एका धन्याचा दृष्टान्त आहे. परदेशी जाताना तो आपल्या चाकरांजवळ द्रव्य ठेवून जातो. एक चाकर ते भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. दुसरे त्यावर व्यापार करून दुप्पट करतात. परतल्यावर धनी कोणाला शाबासकी देतो, हे आपणांस ठाऊकच आहे. पुष्कळ घराण्यांतील मुलांनी वडिलांची ठेव पुरून ठेवली आणि त्या जागेवर पहारा करण्यात आयुष्य घालविले. शहामीर खाँ यांच्या मुलाने ती बाजारात काढली, तोटा सोसला, अपमान सोसला आणि अखेरीस अनेकांना पुरेल एवढी वाढविली. मैफलीत गवयाच्या किंचित मागे बसणाऱ्या त्या सारंगियाचे नाव आज आपण घेतो, ते या मुलामुळेच.