खडकावरचे खूर

आपल्याकडे कित्येक घरांच्या उंबरठ्यावर घोड्याचा नाल ठोकलेला आढळतो. शुभशकुन म्हणून तो तिथे असतो, आणि तसा तो असू द्यावा. मला मात्र नाल दिसला की शकुनाआधी खडक आठवतो. कारण दगडधोंड्यांच्या मुलखात घोड्याचा पाय कसा जपावा, या एका प्रश्नापायी मोठमोठे सेनापती काळजीत पडले होते.

घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाचाच थोरला भाऊ. तो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि माळावर मोकळ्या फिरणाऱ्या जनावराचा जवळजवळ तितकाच झिजतो. हा जमाखर्च जुळला तर नालाची गरजच नाही. पण पाठीवर स्वार बसला, मजल लांबली आणि पायाखाली धोंडे आले की झीज वाढीला मागे टाकते. मग घोडा लंगडू लागतो आणि स्वाराचा पायदळी शिपाई होतो!

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने यावर सांगितलेला उपाय मौजेचा आहे. तबेल्याबाहेरच्या अंगणात चार-पाच गाड्या गोल दगड पसरा, आणि खरारा करताना घोड्याला त्यांवर उभा करा. खूर आपोआप टणक होतील. तबेल्याची जमीन ओली नसावी, असेही तो बजावतो, कारण ओलीने खूर मऊ पडतो. सल्ला शहाणपणाचा खरा, पण त्यालाही मर्यादा होती. इ. स. पूर्व ३२६ मध्ये शिकंदराचे सैन्य बियास नदीच्या काठी अडून बसले. तेव्हा सततच्या चालीने घोड्यांचे खूर झिजून पातळ झाले होते, असे डायोडोरस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. माणसे थकली होतीच. घोडेही थकले होते.

रोमन लोकांनी खुराखाली लोखंडी चपला बांधून पाहिल्या. त्यांना खिळे नसत. त्या वाद्यांनी आवळीत. एकदा वेस्पासियन बादशहाचा खेचरवाला वाटेतच खेचरांना पादत्राणे घालायला उतरला. एका फिर्यादीला बादशहापुढे यायला सवड मिळावी, हा त्यातला डाव! बादशहाने तो ओळखला, नालबंदीचे किती मिळाले ते विचारले आणि त्यात आपला वाटा ठरवून घेतला. जपानात तर घोड्यांना गवताच्या पेंढ्याची पादत्राणे घालीत. ती लवकर झिजत. पण वाटेत नवी मिळत आणि खुराला इजा होत नसे.

खिळ्यांनी ठोकलेल्या नालाचे स्पष्ट पुरावे युरोपात नवव्या-दहाव्या शतकापासून मिळतात. खुराची बाहेरची भिंत निर्जीव असते, म्हणून तिच्यात खिळा मारला तरी घोड्याला दुखत नाही. मात्र खिळा जरा आत गेला की जिवंत भागाला लागतो. शिवाय नालामुळे खूर झिजायचा थांबतो, वाढायचा थांबत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावाच लागतो. गुळगुळीत कातळावर लोखंड घसरते, ते वेगळेच. तेव्हा नाल म्हणजे नुसते वरदान नव्हे. तो घोड्याच्या पायात ठोकायचा, तर जाणता नालबंद कायमचा पदरी बाळगायला हवा.

हे आपल्या पूर्वजांनी नेमके ओळखले होते. शिवछत्रपतींच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे, आणि त्याच पंचविसांसाठी एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि पाय, या दोन्हींची तजवीज एकाच ओळीत! पुढे मराठी राज्यकारभारात ‘नालबंदी’ या शब्दाचा अर्थही रुंदावला. स्वारीवर निघण्यापूर्वी स्वारांना तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाच नालबंदी म्हणू लागले. तलवार, खोगीर, दाणावैरण या साऱ्यांचा खर्च त्या रकमेतून व्हायचा, पण नाव मिळाले ते नालाचे.

मला या शब्दात मोठा अर्थ दिसतो. घाटांतून वर चढणाऱ्या फौजेचा सारा भार शेवटी घोड्याच्या चार खुरांवर येतो. पंचविसांमागे एक नालबंद बसवणाऱ्या राजाला सह्याद्रीचा दगड चांगलाच ठाऊक होता, एवढे मी खात्रीने म्हणेन.