घसारा

रॉकेल आठवते ते डब्यासकट. बर्मा शेलचा तो चौकोनी पत्र्याचा डबा तेल संपल्यावरही घर सोडीत नसे; कुणी त्यात धान्य ठेवी, कुणी तुळस लावी. त्या काळी डबा गळका निघाला तर गिऱ्हाइकाला तो दुकानातच कळे, आणि दुकानदाराशी भांडताही येई. पुढे तेल नळीतून वाहू लागले. नळी जमिनीत पुरली गेली, समुद्राच्या तळाशी गेली, आणि तिच्याशी भांडायला कोणी उरले नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या तेलाची कथा १९७४ च्या फेब्रुवारीत सुरू होते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट'ने समुद्राचा तळ खोदला आणि तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी ते जहाजांतून किनाऱ्यावर येई. १९७८ मध्ये मुंबई हाय ते उरण अशी दोनशे किलोमीटरांहून लांब पोलादी नळी सुरू झाली. तेलविहिरीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. नळीचा फोटो पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

वास्तविक खरे कष्ट नळीचे. तेल एकटे येत नाही. बरोबर खारे पाणी आणि वायू आणते. प्रवाह मंदावला की पाणी तळाशी बसते, त्यात जिवाणू वाढतात आणि पोलाद आतून कुरतडले जाते. यावर उपाय जुनाच आहे. नळीच्या मापाचा एक बोळा आत सोडायचा. मागच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि गाळ-पाणी ढकलीत नेतो. या बोळ्याला कामगार 'पिग', म्हणजे डुक्कर म्हणतात. काही पिग आतल्या भिंतीची जाडीही मोजून येतात. आमच्या आष्ट्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कृष्णेचे पाणी नळाने उसाला नेणारी माणसे आम्ही! नळ शेतात फुटला की दुरुस्ती ताबडतोब होते, आणि फुटण्याआधी वर्गणी मागितली की सभेत शुकशुकाट होतो.

कंपनीच्या हिशेबातही 'घसारा' नावाचा रकाना असतो. मालमत्ता दरसाल इतकी झिजली असे समजून तो रकाना भरतात. पण नळी रकाना पाहून झिजत नाही.

२१ जानेवारी २०११ रोजी मुंबई-उरण मार्गावर समुद्रात गळती झाली आणि तेलाचा तवंग पसरला. मार्ग तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. तेल दुसऱ्या नळीने वळवण्यात आले. त्या आर्थिक वर्षात ओएनजीसीचा निव्वळ नफा १८,९२४ कोटी रुपये होता. एवढ्यावरून कंपनीला झोडपणे सोपे आहे, पण त्याच वर्षी रॉकेल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस स्वस्त राहावा म्हणून सरकारने तिच्यावर सुमारे २४,८९२ कोटींचा भार टाकला होता. म्हणजे नळीच्या उत्पन्नात भागधारकांबरोबर तुमचा-आमचा स्वयंपाकही वाटेकरी होता.

परदेशी कंपन्या तरी निराळ्या वागतात काय? बर्मा ऑइल कंपनीने १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन कंपनी उभी केली, तीच पुढे बीपी झाली. या बीपीची अलास्कातील प्रुडो बे येथील नळी २ मार्च २००६ रोजी गळताना सापडली. गळती पकडणाऱ्या यंत्रांना ती कळली नव्हती. गाडीतून जाणाऱ्या कामगाराच्या नाकाला कळली. सुमारे पाच हजार पिंपे तेल बर्फाळ जमिनीवर सांडले होते. त्या नळीत पिग १९९८ नंतर फिरलाच नव्हता! त्या वर्षी बीपीचा नफा सुमारे बावीस अब्ज डॉलर होता. २००७ मध्ये तिच्या अलास्कातील कंपनीने गुन्हा कबूल केला आणि दोन कोटी डॉलर भरले.

अलास्कात जमीन नासली, माणसे वाचली. आंध्रातल्या, तेव्हा पूर्व गोदावरी जिल्ह्यात असलेल्या नगरम गावाच्या नशिबी तेही नव्हते. तिथली गेलची वायुवाहिनी २००१ ची. ती कोरड्या वायूसाठी, पण तिच्यातून जात होता ओला वायू. तो सुकवण्याचे यंत्र बसवलेलेच नव्हते. पाणी साचले, नळी गंजली, गळू लागली. गळेल तिथे पट्टी आवळून काम चालू ठेवले गेले. २७ जून २०१४ च्या पहाटे गळालेला वायू गावावर पसरून होता. कुणी चहासाठी चूल पेटवली असे सांगतात. वीसहून अधिक माणसे गेली. नारळाची झाडे उभ्या उभ्या कोळसा झाली. चौकशीत ओल्या वायूची ही सारी हकीकत बाहेर आली.

तीनच महिन्यांपूर्वी संपलेल्या वर्षात गेलचा निव्वळ नफा ४,३७५ कोटी रुपये होता. मृतांच्या घरच्यांना कंपनीने माणशी वीस लाख रुपये जाहीर केले.