बारामतीची मतपेटी

बारामतीचा मतदार डोळे मिटून एकाच घराण्याला मत देतो, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. वर्तमानपत्रांनी हे विधान इतक्या वेळा छापले आहे की, ते आता सिद्धांतासारखे भासू लागले आहे. जळोची, बारामती आणि इंदापूर या पट्ट्यातील निवडणुकांचा इतिहास आम्ही चाळतो, तेव्हा मात्र हा सिद्धांत अर्धाच खरा असल्याचे आढळते. आणि उरलेले अर्धे अधिक बोधक आहे.

येथील राजकारण समजून घ्यावयाचे तर आरंभ पक्षापासून नव्हे, पाण्यापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघर धरण बांधले गेले व नीरा डावा कालवा वाहू लागला. कालव्याखालची गावे बागायती झाली, उसाने बहरली. कालव्याबाहेरची गावे पावसाकडे डोळे लावून जिरायतीच राहिली. एका तालुक्यात जणू दोन मुलूख निर्माण झाले. पुढे माळेगाव, सोमेश्वर व इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि कारखान्याचा सभासद हाच मतदारांतील वजनदार घटक ठरला. जळोची हे बारामतीच्या वेशीवरचे गाव; आज ते नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे.

घराण्याच्या एकजिनसीपणाची कल्पना तर १९६० सालीच खोटी ठरली होती. खासदार केशवराव जेधे यांच्या निधनामुळे बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले, तर शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते वसंतराव पवार. पवारांचे घर शेकापचे. मातोश्री शारदाबाई १९३८ पासून पुणे जिल्हा लोकल बोर्डात काम केलेल्या. धाकटे शरद मात्र काँग्रेसचे कार्यकर्ते होते आणि त्यांनी सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध प्रचार केला. थोरल्या भावानेच त्यांना आपल्या विचाराशी प्रामाणिक राहण्यास सांगितले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. जेधे निवडून आले. घर मोडले नाही. आमच्या धर्मग्रामांत ग्रामपंचायतीच्या एका जागेवरून भावाभावांत वर्षानुवर्षे अबोला धरला जातो, म्हणून ही हकिकत आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

१९६७ साली शरद पवार विधानसभेवर गेले. त्या काळच्या टंचाईत कामाच्या बदल्यात धान्य देऊन तालुक्यात पाझर तलाव खोदले गेले. त्यासाठी गहू व तेल पुरवले ते ‘कासा’ या ख्रिस्ती मदतसंस्थेने. ही संस्था प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स बंधूंची; श्रेय त्यांचे आहे, ते आपण आपल्या नावावर घेऊ नये. ज्या शिवारात पाणी साठले, तेथे कृतज्ञता साठणेही स्वाभाविक होते. पुढची कित्येक वर्षे पडलेल्या मतांत या कृतज्ञतेचा वाटा मोठा आहे. तिला लाचारी म्हणणे अन्यायाचे होईल. पण मत म्हणजे उपकाराची परतफेड नव्हे, हेही तेवढेच खरे. आणि येथील मतदाराने ते वेळोवेळी दाखवून दिले आहे. १९७७ साली त्याने जनता पक्षाचे संभाजीराव काकडे यांना लोकसभेत पाठवले. १९८४ मध्ये शरद पवार खासदार झाले. त्यांनी जागा सोडताच १९८५ च्या पोटनिवडणुकीत काकडेच पुन्हा विजयी झाले. २०१४ मध्ये महादेव जानकर यांच्याविरुद्ध सुप्रिया सुळे यांचे मताधिक्य ७० हजारांच्या आत आले. त्यामागे धनगर समाजाची नाराजी व जिरायती गावांची तहान दोन्ही होती. त्याच वर्षी आरक्षणासाठी धनगर बांधवांचे उपोषण झाले, तेही बारामतीतच. आणि २०१५ साली माळेगाव कारखान्याच्या सभासदांनी पवारांचे पॅनेल चक्क पाडले. उसाच्या दराचा प्रश्न आला की नातीगोती बाजूला ठेवली जातात.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने मतदान हा नागरिकाचा हक्क तसाच कर्तव्य म्हणून सांगितला आहे, आणि धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये असा सभेचा कायदा आहे. म्हणून कोणाला मत द्यावे, हे आमच्याकडून ऐकण्याची अपेक्षा कोणी करू नये. पण ‘आपण मूठभर, आपल्या मताने काय होणार’ असे म्हणत मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्या भाविकांना आम्ही बारामतीचे आकडे अवश्य दाखवू.

२०२३ साली पक्ष फुटला, आणि २०२४ मध्ये घरही मतपेटीपुढे दुभंगून उभे राहिले. लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर आल्या. सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी पराभव केला. खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रात त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली. सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, त्याच क्षेत्राने पुतण्या युगेंद्र यांच्याविरुद्ध काका अजित पवार यांना १ लाख ८९९ मतांनी निवडून दिले. बाहेरच्या निरीक्षकांना हा चंचलपणा वाटला. तालुक्यात मात्र लोकसभेला ताई आणि विधानसभेला दादा, हे मतदानाच्या कितीतरी आधीपासून पारावर उघडपणे बोलले जात होते.