स्मृतीचा नकार आणि ‘अपवाद’ : सी प्लस प्लस भाषेच्या इतिहासातील एक प्रकरण

आज्ञावलीला लागणारी सर्व स्मृती आधीच ठरवून देता येत नाही; ती वेळोवेळी मागून घ्यावी लागते आणि मागणी केव्हाही फेटाळली जाऊ शकते. हा नकार आज्ञावलीला कसा कळवावा, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाने प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासात दीर्घ वाद निर्माण केला. प्रस्तुत निबंधात सी प्लस प्लस भाषेच्या संदर्भात त्याचा मागोवा घेतला आहे.

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये घडविलेल्या सी भाषेत स्मृती शिल्लक नसल्यास ‘मॅलॉक’ हे फंक्शन ‘नल’ पॉइंटर परत करते. तो तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रामरची. ही तपासणी वारंवार वगळली जाई. मग आज्ञावली पुढे भलत्याच ठिकाणी कोसळे आणि मूळ कारण शोधणे दुरापास्त होई.

ब्यार्ने स्ट्रूस्ट्रप यांनी १९७९मध्ये त्याच संस्थेत आरंभिलेल्या आणि १९८३मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळालेल्या भाषेतही प्रारंभी ‘न्यू’ शून्यच परत करी. परंतु तेथे अडचण अधिक गहिरी होती. वस्तूची रचना करणारा कन्स्ट्रक्टर कोणतेही मूल्य परत करू शकत नाही. त्याच्या आतच स्मृती संपली, तर ते बाहेर सांगायचे कसे? अँड्र्यू कोनिग आणि स्ट्रूस्ट्रप यांची एक्सेप्शनची, म्हणजे अपवादाची, योजना प्रमाणीकरण समितीने नोव्हेंबर १९९०मध्ये स्वीकारली. फेकलेला अपवाद वाटेतील फंक्शने ओलांडून त्याला पकडणाऱ्या फंक्शनपर्यंत जातो आणि जाताना तेथील वस्तूंचे डिस्ट्रक्टर चालवितो. तो कोणीच पकडला नाही, तर आज्ञावली थांबते. दुर्लक्षाची मुभा येथे संपली.

खरा वाद पुढचा होता. बिघाड दुरुस्त करून जेथे काम अडले तेथूनच ते पुढे चालविता यावे काय? या पुनरारंभाच्या बाजूने दिले जाणारे उदाहरण स्मृतीच्या टंचाईचेच असे : थोडी जागा मोकळी करावी आणि पुढे जावे. पालो आल्टो येथील बैठकीत जिम मिचेल यांनी याविरुद्ध साक्ष दिली. झेरॉक्सच्या सीडर-मेसा प्रणालीचे ते एक प्रमुख रचनाकार आणि एकेकाळचे पुनरारंभाचे पुरस्कर्ते. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होते. सुमारे पाच लाख ओळींच्या त्या प्रणालीत दहा वर्षांनंतर पुनरारंभाचा एकच वापर उरला होता, आणि तोही केवळ माहिती विचारण्यापुरता. पुनरारंभ नाकारला गेला. गंमत अशी, की तो मागील दाराने टिकून राहिला : स्मृती न मिळाल्यास ‘न्यू’ प्रथम नेमून दिलेले हँडलर-फंक्शन बोलाविते आणि पुन्हा प्रयत्न करते, असे हँडलर नसेल, तर अपवाद फेकते.

१९९८च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ‘बॅड अ‍ॅलॉक’ हा अपवाद अधिकृत केला. मात्र जुन्या पद्धतीने नल देणारे ‘नोथ्रो’ रूपही राखले. त्याच वर्षीचा व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ हा कंपायलर मूलतः नलच परत करीत राहिला.

दरम्यान कार्यप्रणालींनी प्रश्नाचे स्वरूपच पालटले. लिनक्स सामान्यतः प्रत्यक्षात उपलब्ध असलेल्या स्मृतीपेक्षा अधिक वाटपाचे वचन देते आणि वेळ आल्यावर एखादी प्रक्रियाच ठार करते. अशा वेळी अपवाद फेकण्याची संधीच उरत नाही. २०१८मध्ये हर्ब सटर यांनी समितीपुढे मांडलेल्या प्रस्तावात वाटप फसल्यास आज्ञावली थेट थांबविण्याचा विचार होता. सी प्लस प्लस २३ या मानकात त्याचा स्वीकार झाला नाही; तेथेही ‘न्यू’ बॅड अ‍ॅलॉकच फेकते.