प्रादेशिक इतिहास परिषद (महाराष्ट्र)

प्रादेशिक इतिहास परिषद म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या इतिहासावर संशोधक, प्राध्यापक, विद्यार्थी आणि इतिहासाची आवड असणारे नागरिक यांनी एकत्र येऊन निबंधवाचन व चर्चा करण्याचा मेळावा. तो बहुधा वार्षिक असतो व त्यास ‘अधिवेशन’ म्हणतात. महाराष्ट्रात कोकण इतिहास परिषद, मराठवाडा इतिहास परिषद, अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद अशा संस्था हे कार्य करतात. महाराष्ट्राबाहेरही अशी परंपरा आहे; पतियाळा येथील पंजाबी विद्यापीठात १९६५ पासून पंजाबच्या इतिहासावरील परिषद भरते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधन विद्यापीठांच्या आधी घराघरांतील दप्तरांपाशी सुरू झाले. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, प्रसंगी वाण्याच्या दुकानातील रद्दीतून मोडी कागद मिळवावे लागत. कागद ज्याच्या घरी, तो माणूस विद्वान असेलच असे नव्हते. परंतु त्याच्या विश्वासाशिवाय संशोधकाच्या हाती काहीच पडत नसे.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या पाक्षिक सभांमध्ये सभासद आपल्याला सापडलेले पत्र, नाणे किंवा ताम्रपट घेऊन येत आणि त्यावर टिपण वाचीत. वार्षिक संमेलने भरत, त्यांचे वृत्त छापले जाई. आजच्या परिषदांचे मूळ या सभांमध्ये शोधता येते. या सभांत पदवी हा प्रवेशाचा परवाना नव्हता.

मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षी, जून १९३५ मध्ये, पुण्यात अर्वाचीन भारतीय इतिहासाची परिषद भरली. शफाअत अहमद खान अध्यक्ष होते आणि संयोजनात दत्तो वामन पोतदार यांचा पुढाकार होता. पोतदारांचा जन्म कोकणातील बिरवाडी (ता. महाड) येथला. पुढील अधिवेशन १९३८ मध्ये अलाहाबादला दे. रा. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. तेव्हापासून सर्व कालखंडांना स्थान मिळाले आणि ‘इंडियन हिस्टरी काँग्रेस’ हे नाव रूढ झाले. अखिल भारतीय व्यासपीठ उभे राहिले, मात्र गाव-तालुक्याच्या इतिहासाला तेथे पुरेशी जागा मिळणे अवघड होते. ही उणीव प्रादेशिक परिषदा भरून काढतात.

स्वरूप

अधिवेशनाचे यजमानपद सामान्यतः एखादे महाविद्यालय घेते आणि स्थळ दरवर्षी बदलते. उद्घाटन, बीजभाषण व अध्यक्षीय भाषणानंतर प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन अशा विभागांत शोधनिबंध वाचले जातात. नाणी, मोडी कागद, शस्त्रे वा छायाचित्रे यांचे प्रदर्शन आणि परिसरातील किल्ल्याची किंवा लेण्याची भेट हेही अनेकदा कार्यक्रमात असते. सर्वसामान्य श्रोत्यांची गर्दी बहुधा या भागालाच असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधवाचनाला गुण मिळू लागले. त्यामुळे निबंधांची संख्या वाढली, प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ आक्रसला आणि चर्चा नावापुरती उरली, अशी टीका होते. ती सर्वस्वी अनाठायी नाही. तरीही एखाद्या गावच्या शिक्षकाने वर्षानुवर्षे हिंडून केलेली वीरगळांची नोंद जाणकारांसमोर यावी, यासाठी दुसरे व्यासपीठ सहसा उपलब्ध नसते.

कोकण आणि उलवे परिसर

कोकणात अशा परिषदांना सामग्रीची वाण नाही. अलिबागजवळील आक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४ (इ.स. १०१२) चा मानला जातो; त्याच्या वाचनाविषयी अभ्यासकांत चर्चा आहे. उरण तालुक्यातील रानवड आणि चांजे येथे शिलाहार राजा सोमेश्वराचे अनुक्रमे शके ११८१ व ११८२ चे शिलालेख मिळाले. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादित करून एकत्र प्रसिद्ध केले. गावाच्या वेशीवर अर्धवट गाडले गेलेले गद्धेगाळ मात्र अनेकदा प्रथम ग्रामस्थांच्याच नजरेस पडतात. अर्वाचीन काळातील विषयही ठळक आहेत: मिठागरे, आगरी-कोळी समाजाचे जीवन, २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि जानेवारी १९८४ मधील भूमिपुत्रांचे आंदोलन. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले.

रायगड जिल्ह्यातील उलवे हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने येथे नवी मुंबईची वसाहत उभारली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली आदी दहा वस्त्यांचे पुनर्वसन झाले. वाघिवली परिसरातील केरूमातेचे स्थान मूळचे बौद्ध लेणे असल्याचा दावा स्थानिकांनी व बौद्ध संघटनांनी केला होता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

टेकडी आणि पात्र दोन्ही बदलल्यावर जुन्या वर्णनांचा पडताळा प्रत्यक्ष पाहणीने घेता येत नाही. अशा ठिकाणी सातबारा व गावनकाशे, कुटुंबांकडील छायाचित्रे, शेतांची आणि खाडीतील जागांची नावे, देवस्थानांच्या यात्रांच्या आठवणी हीच साधने उरतात. ती जमवण्यासाठी स्थलांतरित कुटुंबांतील ज्येष्ठांच्या मुलाखती घ्याव्या लागतात, आणि हे काम अभिलेखागारात बसून होत नाही. मौखिक साधनांची तारीख, सांगणाऱ्याचे वय, गाव व नाते यांची नोंद न ठेवता केलेले संकलन पुढील अभ्यासकाला तपासता येत नाही. म्हणून परिषदेत वाचलेल्या निबंधाइतकीच त्यामागील मूळ ध्वनिमुद्रणे आणि टिपणे जतन होणे महत्त्वाचे ठरते; छापील अंकात ती क्वचितच येतात.